सत्ताविसावा रकाना

"मी तेव्हा रिकामी नव्हते," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही. टेबलावर उघड्या पडलेल्या कागदावर एका जागी बोट ठेवलं, एवढं एक वाक्य बोलल्या आणि औषधांचा ट्रे उचलून वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला निघूनही गेल्या. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. गुडघ्यावर पॅड, मुठीत स्टॉपवॉच. चौदा दिवस ती नर्सांच्या कामाचा वेळ मोजत या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत होती आणि चौदा दिवसांत सिस्टरांनी तिच्याशी थेट बोललेलं हे पहिलंच वाक्य. तसा नियमच होता. मोजणाऱ्याने बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, आपण तिथे आहोत हे लोकांनी विसरावं इतकं गप्प बसायचं. लोक विसरले नव्हते ते सोडा, वॉर्डने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'मिनिटबाई' ठेवलं होतं आणि अकरा नंबरच्या खाटेवरचा म्हातारा, जन्मभर टपाल वाटत हिंडलेला माणूस, रोज सकाळी तिला लांबून विचारायचा, "काय मिनिटबाई, माझं मरण कुठल्या रकान्यात टाकणार?" ती मान खाली घालायची. हसायचं नाही हेही नियमातच बसत असणार असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं.

सिस्टरांनी बोट ठेवलेली ओळ तिने पुन्हा वाचली. दुपारचे दोन वाजून अकरा मिनिटं, खाट अकरा, सात मिनिटं चाळीस सेकंद, रकाना सत्तावीस. तक्त्यात रकाने सत्तावीसच होते. ताप पाहणे हा पहिला, मग सुई देणे, कूस बदलणे, चादर बदलणे, नातेवाइकांशी बोलणे असं करत करत सव्विसावा नोंदी लिहिण्याचा, आणि सगळ्यांच्या शेवटी, झाडून काढलेला केर जमावा तसा, सत्ताविसावा : रिकामा वेळ. व्याख्या तिला तोंडपाठ होती. ज्या वेळात हात, पाय वा तोंड कामात नाही तो. आणि त्याच दुपारी सिस्टर अकरा नंबरपाशी हात मागे बांधून, मान जराशी कलती करून, खिडकीबाहेर बघत सात मिनिटं चाळीस सेकंद उभ्या होत्या हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहून तिला बरंच वाटलं होतं. बहुतेक नोंदी एकात एक अडकलेल्या असतात. सुई देता देता बोलणं, बोलता बोलता चादर ओढणं, कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं ते सुरीने कापावं लागतं. ही नोंद कशी स्वच्छ होती. तिने बटण दाबलं, थांबली, पुन्हा दाबलं. झालं.

बसमध्ये तिला जागा मिळाली, पण पाठ टेकवत नव्हती. ते वाक्य दातात अडकलेल्या तुसासारखं सारखं जिभेला लागत होतं. वाक्यात राग असता तर तिने ते सहज थुंकून टाकलं असतं. बावीस वर्षांत तिने पुष्कळ राग पाहिला होता. घड्याळ घेऊन कुणी शेजारी उभं राहिलं की माणूस चिडतोच, आणि चिडलेल्या माणसाचं मनावर घ्यायचं नसतं हे ती पहिल्या नोकरीतच शिकली होती. ती नोकरी साबणाच्या कारखान्यातली. तिथे वड्या कागदात गुंडाळायच्या लांब टेबलाशी सोळा बायका उभ्या असत आणि सातव्या जागेवर तिची सख्खी ताई. ताईनेच चिठ्ठी देऊन तिला ऑफिसात चिकटवलं होतं. "धाकटी आहे माझी, आकड्यांत हुशार आहे." मग एके दिवशी हुशार धाकटीच्या हातात स्टॉपवॉच आलं आणि तिने सोळाही जागा मोजल्या. तिचा पहिलाच अहवाल. हिरव्या शाईने तिने वर समास आखला होता ते अजून आठवतं. दोन महिन्यांनी सोळाच्या बारा बायका झाल्या. गेलेल्या चौघींत ताई होती. ताई भांडली नाही. घरी शिलाई मशीन टाकून लोकांचे कपडे उसवून शिवून द्यायला लागली, आणि दर रविवारी धाकटी गेली की दार उघडताना म्हणायची, "या बाईसाहेब. आजचं बोलणं किती सेकंदांचं?" दोघी हसायच्या. बावीस वर्षं हसत होत्या. ताईच्या हातांना अजून लिंबाच्या साबणाचा वास येतो असं तिला कधी कधी वाटायचं. खरं म्हणजे ते शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ऑफिसात बसून बेरजा करायच्या होत्या. वॉर्डचं काम संपलं होतं, खुर्चीसुद्धा उचलली गेली असेल. ती बसमधून दोन थांबे आधी उतरली आणि दवाखान्याच्या मागच्या जिन्याने वर गेली. सिस्टर कपाटासमोर उकिडव्या बसून कापसाची बंडलं लावत होत्या. पायांना गुडघ्यापर्यंत घट्ट पट्ट्या बांधलेल्या, कानावर पेन. तिला पाहून त्यांना नवल वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही.

"काय करत होतात मग?" तिने विचारलं. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही.

"कधी?"

"त्या सात मिनिटांत. अकरा नंबरपाशी."

"ऐकत होते."

"काय?"

सिस्टर कपाटाला धरून उठल्या. "असं सांगून नाही कळायचं. या."

त्यांनी तिला चार नंबरपाशी नेलं. तिथे एक वाळलेली म्हातारी तोंड उघडं टाकून झोपली होती. "डोळे मिटा," सिस्टर म्हणाल्या. "बघून काही मिळत नाही. बघितलं की ऐकू येत नाही." ती संकोचली. भर वॉर्डात डोळे मिटून उभं राहायचं म्हणजे काय! पण मिटले. आधी सगळंच ऐकू आलं : ट्रॉलीचं चाक, कुणाच्या तरी खोकल्याची ढास, नळ, बाहेर रस्त्यावर गाडी मागे घेताना वाजणारी पिपाणी. मग हळूहळू त्या सगळ्याच्या तळाशी म्हातारीचा श्वास लागला. आत, बाहेर. आत, बाहेर. तिला वाटलं, यात काय ऐकायचं? मग तिच्या लक्षात आलं की दर सहाव्या-सातव्या श्वासाला एक पायरी चुकल्यासारखी होते आहे. बाहेर गेलेला श्वास आत यायला क्षणभर विसरतो, मग घाईघाईने येतो. तिच्या स्वतःच्या छातीत काहीतरी त्या चुकलेल्या पायरीवर अडखळलं. आई गेली तेव्हा ती शेजारच्या खोलीत अहवालाची पक्की प्रत करत बसली होती आणि तिला काही ऐकू आलं नव्हतं. तो श्वास असाच असेल का, तोही असाच आधी पायरी चुकत चुकत गेला असेल का, हे तिच्या मनात आजवर आलं नव्हतं. तिने डोळे उघडले तेव्हा सिस्टर तिच्याकडे बघत होत्या.

"चुकतोय," ती म्हणाली.

"हं. पण हिचं जुनं आहे, महिनाभर असंच चाललंय. काल टपालवाल्याचं नवीन होतं. खाली पाणी भरल्यासारखी बुडबुड. बाराला नव्हती, दोनला होती. वाढतेय की तेवढीच आहे ते कळायला उभं राहायला लागतं. वाढत होती. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पाठीतून सुई घालून लिटरभर पाणी काढलं. तुम्ही ते बरोबर लिहिलंय बघा, रकाना नऊ, डॉक्टरांना मदत, वीस मिनिटं."

"आणि वाढत नसती तर?"

"तर काही नाही. उभी राहून पुढे गेले असते." सिस्टर हसल्या. "तसंही बऱ्याचदा होतं."

अकरा नंबरवरून टपालवाल्याने हात वर केला. उशीला टेकून बसला होता, चेहऱ्यावर तरतरी. "मिनिटबाई, लिहून ठेवा," तो ओरडला, "मी ह्यांच्या रिकाम्या वेळात वाचलो!" आजूबाजूच्या खाटा हसल्या. या वेळी तिने मान खाली घातली नाही, पण हसूही आलं नाही.

ऑफिसात बेरीज झाली. सत्ताविसाव्या रकान्यात एकोणीस टक्के. साहेबांनी आकड्याखाली रेघ ओढली. दर पाळीला नऊ नर्स, त्यांचे एकोणीस टक्के म्हणजे एक पूर्णांक सात दशांश. "दशांशातली नर्स कुठे असते का? दोन धरा," ते म्हणाले. साहेब वाईट माणूस नव्हते. हेच तर अवघड होतं. पुढच्या वर्षापासून सरकार दवाखान्याला दर आजारामागे एक ठरलेला दर देणार होतं. रोगी चार दिवस राहो की चौदा, दोन हात लागोत की वीस, रक्कम तेवढीच. आणि दवाखान्याचा निम्म्याहून जास्त खर्च माणसांवर. नऊच्या सात करा, बाकी आम्ही सांभाळू, असं दवाखान्याने न सांगता सांगितलं होतं आणि त्यासाठीच हिच्या कंपनीला बोलावलं होतं.

"सर, सत्तावीस चुकलाय," ती म्हणाली. "म्हणजे मी चुकले. परत बघावं लागेल."

"व्याख्येप्रमाणे टाकलंय ना?"

"व्याख्याच चुकलीय."

साहेबांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "हे बघा. शहराच्या त्या टोकाला अकरा हजार माणसं आहेत, त्यांना डॉक्टर नाही. खोकला झाला तरी दीड तास बस. या दोन जागा वाचल्या तर तिथे संध्याकाळचा दवाखाना निघतो, मंजुरी तयार आहे. ती अकरा हजार माणसं तुमच्या तक्त्यात नाहीत म्हणून ती नाहीतच का? पैसा कुठून तरी यायला हवा."

ती अकरा हजार माणसं खरी होती. तिची धाकटी नणंदच तिथे राहत होती आणि दोन तापलेली पोरं घेऊन बसथांब्यावर उभी राहिली होती. "यायला हवा," ती म्हणाली. "पण माझ्या चुकीतून नको. खरे आकडे सांगून काय कापायचं ते कापा. मग मी बोलणार नाही."

"अहवाल मंजुरीच्या समितीपुढे जायचाय, त्यावर मोजणाऱ्याची सही लागते," साहेब म्हणाले.

"हो ना. ती मी आत्ता करत नाही."

तिने आठ दिवस रजा टाकली. रजा टाकून माणसं गावाला जातात, दात काढून घेतात. ही रोज सकाळी डबा घेऊन दवाखान्यात जाऊन नर्सांच्या चहाच्या खोलीत बसायला लागली. खोली म्हणजे काय, एक सिंक, एक बाक आणि भिंतीला पोपडे. सत्ताविसाव्या रकान्यात तीनशे एक्केचाळीस नोंदी होत्या. पाळी सुटली की एकेक जण यायची, ही तारीख, वेळ आणि खाट वाचायची, तिकडून वॉर्डची वही उघडायची, आणि मग आठवणं सुरू. हा माणूस शुद्धीवर येताना हातपाय झाडतो म्हणून उभी होते. ही बाई एकटी पडली की नळी उपसते. इथे नुसतं बघत होते, पण तो रडत होता आणि कुणी बघतंय हे त्याला हवं होतं. बोललेलं चाललं नसतं. पहिले दोन दिवस त्या जपून बोलल्या. तिसऱ्या दिवसापासून एकमेकींच्या नोंदीत नाक खुपसायला लागल्या. "अगं तेव्हा तू जांभया देत होतीस, खोटं कशाला सांगतेस!" सिस्टर सगळ्यांत कडक. एका ओळीपाशी त्या थांबल्या, वही मिटली. "ही खरी आहे," त्या म्हणाल्या. "पाय ठणकत होते. काही करत नव्हते, कुणाचं ऐकतही नव्हते. भिंतीला टेकून उभी होते. राहू दे सत्तावीस." तिने त्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि का कोण जाणे, त्या एका खुणेने तिचा बाकीच्या सगळ्यांवर विश्वास बसला. आठव्या दिवशी हिशेब लागला. दोनशे बारा नोंदी कामाच्या. अठ्ठ्याऐंशी कुणालाच आठवत नव्हत्या. एक्केचाळीस खरोखर रिकाम्या. तिने तिन्ही आकडे लिहिले. अठ्ठ्याऐंशी कामाच्या बाजूला ढकलावे असा मोह झाला. हात तिथपर्यंत गेला आणि तिने तो परत आणला. परत चूक करायला ती आली नव्हती.

मध्ये रविवार आला. ताईने दार उघडलं, आणि ही आत यायच्या आधीच बोलायला लागली; साहेब, सिस्टर, श्वास, सगळं. ताई एका पँटची शिवण उसवत ऐकत होती. समितीसमोर जाऊन सांगणार, सुनावणी सगळ्यांना खुली असते, नोकरी गेली तर गेली, असं ही म्हणाली तेव्हा ताईचं ब्लेड थांबलं.

"तेव्हा का नाही गेलीस?"

"तेव्हा?" ती म्हणाली, पण तिला कळलं होतं. "तेव्हा मला कळलं नव्हतं, ताई. माझ्या कागदावर तुझ्या नावापुढे 'जागा सोडणे' आलं होतं. दिवसातून तीस-चाळीस वेळा. मी काय करणार?"

"विचारायचंस. मी तुझ्या समोरच उभी होते की. दीड हातावर." ताईने दोरा ओढून काढला. "माझ्या शेजारची म्हातारी आठवते? आठवी जागा. तिची बोटं वळत नव्हती. तिचा ढीग साचला की मी चार वड्या माझ्याकडे ओढून घ्यायची. तेच ते जागा सोडणं. माझ्या मागोमाग तीही गेलीच. गेली म्हणजे घरी गेली, मेली नाही, अशी भुतासारखी बघू नकोस."

बावीस वर्षांचं ते हसणं तिच्या डोळ्यांसमोर एकेक रविवार करून मागे मागे गेलं, आणि त्या प्रत्येक हसण्यात ताई विचारत होती आणि ही हसून वेळ मारून नेत होती हे तिला लख्ख दिसलं. माफी मागावी तर ती कुठून सुरू करायची? साबणाच्या कागदावर असलेली नक्षी तिला आठवत राहिली, निळी, बारीक पानांची. ताई उठली, पँट झटकली, घडी घातली. "जा तू त्या समितीकडे," ती म्हणाली. "माझ्यासाठी नको जाऊस. माझं झालं. पण गेलीस तर मधेच रडू नकोस, तुझा आवाज फाटतो."

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती; लांब टेबल, पाच माणसं, पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले. साहेब पहिल्या रांगेत. त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, ओळख असल्यासारखी, दुःख असल्यासारखीही. अहवालावर दुसऱ्याच कुणाची तरी सही होती. तिची पाळी आली तेव्हा ती कागद हातात घेऊन उभी राहिली. तिने दोनशे बारा, अठ्ठ्याऐंशी आणि एक्केचाळीस सांगितले. आवाज फाटला नाही. टपालवाल्याची दुपार सांगितली. अध्यक्षबाई बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे अशा कामांची मोजदाद होऊच शकत नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

सोपं उत्तर समोर आयतं ठेवलेलं होतं. मागच्या बाकावर बसलेल्या नर्सांना ते आवडलंही असतं. "नाही," ती म्हणाली. "मी बावीस वर्षं मोजतेय. होऊ शकते. मी चुकीची केली, एवढंच सांगायला आलेय. ज्याचं काम मोजायचं त्याला मी विचारलं नाही. त्या टोकाला दवाखाना व्हायलाच हवा, माझी नणंद राहते तिथे. पण दोन नर्स जास्त आहेत म्हणून तो काढता येईल असं जर कुणी तुम्हाला सांगत असेल, तर ते माझ्या कागदावरून सांगतंय, आणि तो कागद खोटा आहे. एक्केचाळीस नोंदींत एक नर्ससुद्धा बसत नाही."

निकाल महिन्याने आला. नऊच्या सात झाल्या नाहीत; नवीन तक्ता करून तीन महिने पुन्हा मोजणी करा, तोवर नऊ, असं समितीने लिहिलं. संध्याकाळच्या दवाखान्याची मंजुरीही तीन महिने लटकली. नणंदेने फोनवर हे ऐकलं आणि म्हणाली, "वहिनी, आम्ही काय करायचं तोवर?" या प्रश्नाने तिची दोन रात्री झोप उडवली, आणि तिने तो तसाच, नणंदेच्या शब्दांत, समितीला पत्र लिहून कळवला. कंपनीने करार पुढे वाढवला नाही. साहेबांनी स्वतः येऊन टेबलावरची तिची छत्री तिच्या हातात दिली. आणि पुढच्या आठवड्यात अध्यक्षबाईंच्या कचेरीतून दोन ओळींचं पत्र आलं : नवीन रकान्यांच्या व्याख्या लिहायच्या आहेत, मानधन किरकोळ आहे, लिहाल का?

चहाच्या खोलीतल्या बाकावर आता दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये कोरे कागद. सिस्टरांनी पट्ट्या सोडून पाय उलट्या बादलीवर टाकले होते. नवीन मोजणीला येणाऱ्या पोरी सोमवारपासून लागणार होत्या. त्यांना काय दिसलं की बटण दाबायचं हे नेमकं सांगणं भाग होतं, आणि पाच दिवस झाले तरी एका रकान्यावर गाडं अडलं होतं.

"ऐकणे," ती म्हणाली. "सुरू झालं हे बाहेरून कसं ओळखायचं?"

"हात थांबतात. मान कलते. आणि बोलणारी असेल तर मधेच गप्प होते."

तिने लिहिलं. "आणि संपलं कधी?"

सिस्टर विचारात पडल्या. वॉर्डात कुठेतरी बेल वाजली, दुसऱ्या कुणीतरी घेतली, थांबली. "काहीतरी करायला हलले, की संपलं," त्या सावकाश म्हणाल्या. "नाहीतर काही करायची गरज नाही असं कळलं, की. तेही संपणंच. तेही काम झालंच की हो."

तिने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, शेवटचं वाक्यसुद्धा. एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. सिस्टरांनी मान डोलावली तशी तिने खाली रेघ मारली आणि पान उलटलं.

"हं," ती म्हणाली. "पुढचं सांगा."